आरोग्याचा धडा : जांघेतली गाठ पुन्हा आली, तर चूक कोणाची?



मागे एका ग्रामसंघाच्या बैठकीत कर्ज मागणीचा एक अर्ज आला. रक्कम फार मोठी नव्हती. पण कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन, दुसऱ्यांदा.’ त्या ‘दुसऱ्यांदा’ शब्दावर सगळ्यांची नजर अडकली. एक जण म्हणाली, “पहिल्या ऑपरेशनचंच कर्ज अजून फिटलं नाही.” दुसरी म्हणाली, “डॉक्टरनं नीट केलं नसणार, पैसे तेवढे घेतले.” तिसरीनं तर सरळ त्या ताईलाच विचारलं, “पोराला पथ्यावर ठेवलं होतंस का? तो तर आठ दिवसांतच सायकल घेऊन हुंदडत होता.” ती ताई काही बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसली. घरात सासूबाईंनीही हेच ऐकवलं होतं म्हणे.

मी तेव्हा प्रभाग संघाचं आरोग्याचं काम बघत होते, म्हणून दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. तिथं जे कळलं, त्यावर आजचा धडा आहे. ताईचं नाव, गाव सांगत नाही. पण तुमच्या बैठकीत असा अर्ज आला, तर कुजबुज करायच्या आधी हा धडा वाचून दाखवा.

आधी हर्निया म्हणजे काय ते बघू

आपलं पोट म्हणजे एक खोली समजा. आत आतडी, मूत्राशय, बाईमाणसाचं गर्भाशय असा सगळा संसार भरलेला. खोलीला स्नायूंची भिंत आहे आणि आतून पातळ अस्तर लावलेलं आहे. भिंतीत कुठं फट राहिली आणि मूल रडलं, खोकलं, शौचाला कुंथलं, की आतला दाब वाढतो आणि आतड्याचा भाग त्या फटीतून अस्तरासकट बाहेर डोकावतो. बाहेरून आपल्याला गाठ दिसते. हाच हर्निया. काही गावांत ‘अंतर्गळ’ म्हणतात, काही ठिकाणी ‘अंड उतरलं’ म्हणतात. मूल निजलं की गाठ आत जाते, उठून खेळायला लागलं की परत दिसते.

जांघेजवळ ही भिंत तीन जागी दगा देते. या तीन जागा एकमेकींपासून एक-दोन बोटांच्या अंतरावर आहेत. मोठ्या माणसाची दोन बोटं म्हणा, लहान मुलात त्याहूनही कमी. सगळा घोळ इथंच होतो.

पहिली जागा म्हणजे उघडं राहिलेलं दार. मुलगा आईच्या पोटात असताना त्याच्या अंडगोळ्या आधी पोटात वर तयार होतात आणि सातव्या महिन्यापासून पुढं हळूहळू खाली पिशवीत उतरतात. उतरताना पोटाचं अस्तर सदऱ्याच्या बाहीसारखं सोबत खाली येतं. काम झालं की ही बाही आपोआप मिटायची असते. काही मुलांत ती मिटत नाही. उजवी गोळी डावीपेक्षा उशिरा उतरते, म्हणून उजव्या बाजूचा हर्निया जास्त दिसतो. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांत तर हा फारच जास्त, कारण बाही मिटायला वेळच मिळालेला नसतो. केसपेपरवर याला ‘इनडायरेक्ट इनग्वायनल हर्निया’ लिहितात. शंभर मुलांमागं साधारण १ ते ५ जणांना हा असतो. मुलांच्या जांघेत दिसणारे जवळजवळ सगळे हर्निया याच दारातून आलेले असतात.

मुलींनाही होतो बरं का. “मुलीला कसला हर्निया?” असं म्हणून घरी बसू नका. मुलींमध्येही अस्तराची एक छोटी वाट जांघेपर्यंत आलेली असते. ती उघडी राहिली तर कधी आतड्याऐवजी अंडाशयच त्यात येऊन बसतं. मग जांघेत बदामाएवढी घट्ट गाठ लागते, दुखत नाही, पण आतही जात नाही. ती दाबून आत ढकलायचा प्रयत्न करू नका. अंडाशयाला पीळ पडायची भीती असते. ‘दुखत नाही ना, मग बघू सुगीनंतर’ असंही करू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

दुसरी जागा म्हणजे भिंतीचा पातळ पडलेला भाग. इथं दार उघडं राहिलेलं नसतं, भिंतच कमकुवत असते आणि ती पुढं फुगते. याला ‘डायरेक्ट हर्निया’ म्हणतात. उतारवयातल्या पुरुषांत हा नेहमीचा, पण लहान मुलांत विरळा. कधी आधीच्या ऑपरेशननंतर भिंत नाजूक झाल्यानं होतो, कधी जन्मतःच तिथले स्नायू किंवा शरीरातले बांधणारे धागे कच्चे असतात.

तिसरी जागा सगळ्यांत लपलेली. आपल्या मोरीतून सांडपाण्याचा पाइप भिंतीबाहेर जातो ना, तसं पोटातून पायाकडं जाणारी मोठी धमनी आणि शीर जांघेखालून मांडीत उतरतात. पाइपाशेजारी थोडी फट राहते, तिथून उंदीर शिरतो. तसंच शिरेच्या आतल्या अंगाला एक लहानशी फट असते. तिच्यातून पिशवी खाली मांडीच्या सुरुवातीला उतरली, तर तो ‘फेमोरल हर्निया’. मोठ्या माणसांत हा पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, तेव्हा तुमच्या आईच्या, सासूच्या जांघेत अशी गाठ असेल तर तीही दाखवून घ्या. त्या सांगणार नाहीत, लाजतात. मुलांमध्ये मात्र जांघेतल्या हर्नियांपैकी शंभरात एकाहूनही कमी फेमोरल असतात, आणि बहुतेक पाच ते दहा वर्षांच्या वयात लक्षात येतात.

त्या मुलाचं काय झालं होतं

त्या ताईचा मुलगा सहा वर्षांचा. उजव्या जांघेत गाठ दिसली. गावच्या डॉक्टरांनी आधी ‘अवधान’ आहे म्हणून गोळ्या दिल्या. पायाला काटा लागला, फोड पिकला, की जांघेत अवधान येतं हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळं कोणाला वावगं वाटलं नाही. गोळ्या संपल्या, गाठ होती तशीच. मग तालुक्याला दाखवलं. तिथं तपासताना गाठ नेमकी आत गेलेली. आईनं सांगितलं ‘जांघेत येते’, आणि जांघेतली येणारी-जाणारी गाठ म्हणजे शंभरात नव्व्याण्णव वेळा पहिल्या जागेचा हर्निया. त्याप्रमाणं ऑपरेशन झालं. पहिल्या जागेचं दार नीट बंद केलं. चार महिन्यांनी गाठ परत हजर.

सगळ्यांना वाटलं टाके सुटले. पण टाके जागच्या जागी होते! दुसऱ्या वेळी बालशल्यचिकित्सकांनी, म्हणजे लहान मुलांचीच ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरांनी, दुर्बिणीतून आत पाहिलं. पहिलं दार पक्कं बंद होतं. एक बोट खाली, शिरेच्या शेजारी, तिसऱ्या जागेची फट उघडी होती. म्हणजे गाठ ‘पुन्हा’ आलीच नव्हती. जी होती तीच राहिली होती. डॉक्टरीणबाई पडद्यावरचं चित्र दाखवून ताईला म्हणाल्या, “आई, सायकलचा काही संबंध नाही. हे भोक जन्मापासूनचं आहे.” ताई तिथंच रडायला लागली. मला वाटलं घाबरली. नंतर म्हणाली, “हे आमच्या सासूबाईंना सांगाल का, मॅडम?”

आता पहिल्या डॉक्टरांनी फसवलं का? माझं मत विचाराल तर नाही. हा हर्निया ऑपरेशनच्या आधी ओळखणं सराईत डॉक्टरांनाही अवघड जातं. एक तर तो क्वचित दिसतो, आणि जे क्वचित दिसतं ते मनात पटकन येत नाही. दुसरं, मुलाच्या अंगावर गुबगुबीत चरबी असते, जागा इतकी लहान असते की गाठ रेघेच्या वर की खाली हे बोटांना नीट कळत नाही. जगभरच्या डॉक्टरांच्या लिखाणात हीच कथा परत परत येते. पहिल्या जागेचं ऑपरेशन होतं, गाठ राहते, आणि मग फेमोरल हर्निया सापडतो. मात्र एक गोष्ट खरी. जांघ उघडल्यावर अपेक्षेप्रमाणं पिशवी सापडलीच नाही, किंवा अगदी नावापुरती सापडली, तर डॉक्टरांच्या मनात ‘दुसऱ्या जागी तर नाही?’ हा प्रश्न यायला हवा. आणि आपल्यालाही तो विचारता यायला हवा.

ओळख पटवण्यात आईचं काम

मुलांच्या हर्नियाची गंमत अशी, की दवाखान्यात पोहोचेपर्यंत गाठ बऱ्याचदा गायब होते. सोनोग्राफी केली तरी त्या वेळी गाठ आत असेल तर काही दिसतही नाही. त्यामुळं जिनं गाठ डोळ्यांनी पाहिली तिचं सांगणं हाच मोठा पुरावा असतो. डॉक्टर आईच्या शब्दावर विश्वास ठेवतात. पण तो शब्द नेमका हवा. ‘जांघेत काहीतरी येतं’ एवढ्यानं भागत नाही.

गाठ बाहेर असताना मुलाला उभं करा. कमरेच्या पुढच्या बाजूला हाडाचं टोक हाताला लागतं. तिथपासून खाली मध्यभागी, लघवीच्या जागेच्या लगेच वरच्या हाडाला बाहेरच्या कडेपर्यंत एक दोरा तिरपा धरा. शिवणाची टेप असली तर उत्तमच. गाठ दोऱ्याच्या वर असून पिशवीकडं उतरत असेल, तर बहुतेक नेहमीचा हर्निया. गाठ दोऱ्याच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला आतल्या अंगाला असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना ठासून सांगा. तुम्ही निदान करायचं नाही, फक्त जागा सांगायची. गाठीच्या मधोमध बॉलपेननं टिंब करून मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही जांघा एकत्र दिसतील असा. आणि हो, तो फोटो बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, मामाला-काकाला पाठवू नका. लेकराचा आहे तो. डॉक्टरांना मोबाइलवरच दाखवा आणि काम झालं की पुसून टाका.

अवधान आणि हर्निया यांतला फरकही बघून ठेवा. अवधानाची गाठ मूल निजलं तरी जात नाही, खोकल्यानं मोठी होत नाही, बोटाखाली हरभऱ्यासारखी सरकते, आणि बहुधा त्याच पायावर कुठं तरी जखम, खरूज, काटा सापडतो. हर्निया उठल्यावर दिसतो, निजल्यावर जातो. पण फेमोरल हर्निया इथंही फसवतो. त्याची फट अरुंद असल्यामुळं पिशवी कधी कधी बाहेरच अडकून राहते, आत जातच नाही, आणि मग हुबेहूब अवधान वाटते. म्हणून पायावर काही जखम नाही आणि जांघेतलं ‘अवधान’ दोन-तीन आठवडे हटत नाही, तर गोळ्यांचं दुसरं पाकीट न आणता मोठ्या दवाखान्यात जा.

अंडाच्या पिशवीत नुसतं पाणी भरणं हा आणखी वेगळा प्रकार. ती बाही अगदी बारीक उघडी असेल तर आतडं येत नाही, पाणी तेवढं झिरपतं. ते बऱ्याच बाळांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरतं. बेंबीचा हर्नियाही पुष्कळदा चार-पाच वर्षांपर्यंत आपसूक भरून येतो. यावरूनच गावात बोललं जातं, “होतो बरा, आमच्या नातवाचा झाला की.” नातवाचा बेंबीचा असेल. जांघेचा हर्निया आपोआप बरा होत नाही. कोणत्याही जागेचा असो, त्याला ऑपरेशन हाच उपाय. पट्टा बांधून, नाणं ठेवून, करदोटा घट्ट करून काही होत नाही. डाग देणं, बिब्बा लावणं तर नकोच नको. कातडी जळते आणि आतलं भोक तसंच राहतं.

दवाखान्यात डॉक्टर मुलाला उड्या मारायला लावतील, खोकायला लावतील, फुगा फुगवायला देतील. हसू नका, गाठ बाहेर यावी म्हणून ते असतं. आणि अंडगोळ्या दोन्ही खाली आहेत ना, हेही ते चाचपून बघतात.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे काय करतात

मुलाला पूर्ण भूल देतात. बेंबीच्या घडीत साधारण ५ मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा छेद घेऊन नळी आत घालतात. तिच्यातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू हलक्या दाबानं भरतात, म्हणजे पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि आत बघायला जागा होते. मग बारीक कॅमेरा. बाजूनं तीनेक मिलिमीटरची हत्यारं. लहान मुलांची हत्यारं इतकी बारीक असतात की पहिल्यांदा बघताना मला स्वेटर विणायच्या सुयाच वाटल्या.

दुर्बिणीचा खरा फायदा छेद लहान हा नाही. बाहेरून केलेल्या ऑपरेशनचा छेदही लहान मुलात दोनेक सेंटिमीटरचाच असतो. फायदा हा, की भिंत आतून दिसते. बाहेर कातडीवर ज्या तीन जागा एकात एक मिसळलेल्या वाटतात, त्या आतून स्वच्छ वेगळ्या दिसतात. भिंतीवर एक रक्तवाहिनी वर चढलेली असते. तिच्या बाहेरच्या अंगाला पहिलं दार, आतल्या अंगाला दुसरी कमकुवत जागा, आणि जांघेच्या पट्टीखाली मोठ्या शिरेच्या कुशीत तिसरी फट. दुसऱ्या बाजूची जांघही त्याच कॅमेऱ्यात दिसते. कधी एकाच मुलात दोन जागा उघड्या सापडतात. एक शिवून दुसरी राहिली, असं मग होत नाही.

पहिल्या दाराला आतून गोल टाका घालून बटव्याच्या दोरीसारखं तोंड आवळतात. मुलग्यात त्या दाराला चिकटून शुक्रनळी आणि अंडगोळीच्या रक्तवाहिन्या जातात, त्या टाक्यात सापडू नयेत याचीच सगळी काळजी. नेहमीच्या हर्नियात एवढ्यानं भागतं, कारण तिथं भिंत चांगली असते, फक्त बाही उघडी राहिलेली असते.

बाकीच्या दोन जागांत नुसती पिशवी बांधून भागत नाही, कारण दोष भिंतीतच असतो. डायरेक्ट हर्नियात पातळ पडलेल्या भागाच्या दोन्ही कडा टाक्यांनी जवळ आणतात. त्यात एक फार सुंदर युक्ती आहे. बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या अंगातून वारेकडं रक्त नेणाऱ्या दोन नळ्या असतात. जन्मानंतर त्या सुकून दोरीसारख्या होतात आणि पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूला बेंबीपर्यंत पडून राहतात. काही सर्जन यातली एक दोरी ओढून त्या कमकुवत जागेवर ठिगळासारखी शिवतात. नाळेची उरलेली दोरी अशी कामाला येते.

फेमोरल हर्नियात खाली उतरलेली पिशवी आत ओढून घेतात आणि फटीची वरची पट्टी खालच्या हाडावरच्या चिवट पट्टीला दोन-तीन टाक्यांनी जोडतात. आता आपला मोरीचा पाइप आठवा. पाइपाशेजारची फट सिमेंटनं बुजवताना फार ठासलं तर पाइपच दबतो. तसं इथं टाका फार बाहेर गेला तर पायाची शीर दबते, आणि ढिला राहिला तर फट उरते. म्हणून हे काम लहान मुलांची दुर्बिणीची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या हातानंच व्हावं. घरी आल्यावर त्या बाजूचा पाय सुजला, निळसर वाटला, तर लगेच कळवायचं ते यासाठीच.

मोठ्या माणसांच्या हर्नियात जाळी बसवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. वाढत्या मुलात जाळी शक्यतो टाळतात, कारण मूल वाढतं, जाळी वाढत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नेहमीच्या हर्नियासाठी दुर्बीणच पाहिजे असा हट्ट धरू नका. चांगल्या हातानं बाहेरून केलेलं ऑपरेशनही तितकंच पक्कं होतं. दुर्बिणीला पूर्ण भूल आणि श्वासाची नळी लागते, सोय सगळीकडं नसते, खर्चही कधी जास्त सांगतात. पण गाठ नेहमीच्या जागी नाही, एकदा ऑपरेशन होऊन परत दिसली, किंवा ऑपरेशनमध्ये पिशवीच सापडली नाही, अशा वेळी दुर्बिणीतून बघणं मोलाचं ठरतं.

जाता जाता एक जुनी हकीकत. लंडनमध्ये १७३५ साली क्लॉडियस अ‍ॅमियंड नावाच्या सर्जननं ११ वर्षांच्या एका मुलाचा हर्निया उघडला, तर पिशवीत अपेंडिक्स! त्यानं पूर्वी गिळलेली टाचणी त्या अपेंडिक्सला टोचून बाहेर आली होती. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. तरी ते अपेंडिक्स काढलं आणि मुलगा जगला. अपेंडिक्स यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद समजतात. आजही हर्नियाच्या पिशवीत अपेंडिक्स सापडलं तर त्याला ‘अ‍ॅमियंड हर्निया’ म्हणतात.

कधी थांबायचं नाही

गाठ बाहेर आली आणि आत जात नाही, कडक झाली, हात लावला की मूल किंचाळतं, उलट्या होतात, त्यातही हिरव्या, पोट फुगतं, गाठीवरची कातडी लाल-काळसर दिसते. यातलं काही दिसलं तर आतडं अडकलं असं समजा. त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते कुजू लागतं. वर्षाच्या आतल्या बाळांना हा धोका सगळ्यांत जास्त. फेमोरल हर्नियात फट अरुंद आणि कडक असल्यानं तिथंही भीती मोठी. १०८ ला फोन करा. मुलाला खायला-प्यायला काही देऊ नका, दूधही नको, कारण भूल द्यावी लागेल. शेकायचं नाही, जोरानं दाबायचं नाही. रात्र आहे, नवरा गावात नाही, सासरे येईपर्यंत थांबू, असं करू नका. शेजारच्या गटातल्या बाईला उठवा आणि निघा.

ठरवून केलेल्या ऑपरेशनलाही पोट रिकामं लागतं. सहसा जेवण आणि वरचं दूध सहा तास, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास आधी बंद करायला सांगतात. तुमचे डॉक्टर सांगतील ते पाळा. प्रेमानं लपवून बिस्किट देणाऱ्या आजीवर लक्ष ठेवा. खरंच सांगते, त्या दिवशी आमच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं ऑपरेशन एका बिस्किटापायी दुसऱ्या दिवशी गेलं.

ऑपरेशननंतर बहुतेक मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. खांदा दुखतो म्हणाला तर घाबरू नका, पोटातल्या वायूमुळं एक-दोन दिवस तसं होतं. पिशवीला थोडी सूज राहते. आठवडाभरात शाळा सुरू होते. सायकल, कबड्डी, झाडावर चढणं कधी सुरू करायचं हे डॉक्टरांनाच विचारून घ्या. ताप, पू, गाठ, पायाची सूज यांपैकी काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

पैशाचं काय

आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज अशा वेळी उपयोगी पडतं, यात शंका नाही. पण अर्ज भरायच्या आधी दोन दारं ठोठवा. एक, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं आणि गरज असेल तर पुढच्या दवाखान्यात पाठवतं. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि जांघेतली गाठ लाजेपोटी लपवू नका. अंगणवाडीताईला आधीच सांगून ठेवा. दोन, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. रेशन कार्ड, आधार घेऊन योजनेच्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ असतो त्याला भेटा, नाहीतर १५५३८८ वर विचारा. मुलाचं हे ऑपरेशन, दुर्बिणीचं, या दवाखान्यात योजनेत बसतं का? हा प्रश्न भरती व्हायच्या आधी विचारायचा. त्या ताईला पहिल्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तिला कर्ज लागलं ते फक्त जाण्या-येण्याला आणि बुडालेल्या मजुरीला.

आणखी एक. प्रत्येक ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा, गटाचं पासबुक ठेवता तसं. पहिल्या वेळी कोणतं दार बंद केलं, पिशवीत काय सापडलं, हे त्या एका कागदावर असतं. घरी येण्याआधी डॉक्टरांना विचारा, “साहेब, पिशवी सापडली का? कोणत्या जागेची होती?” आणि उत्तर कार्डावर लिहून घ्या. ताईनं पहिलं कार्ड जपलं होतं. त्यावर ‘पिशवी अगदी लहान’ अशी एक ओळ होती. दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ती ओळ वाचली, मोबाइलमधला फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, “आपण दुर्बिणीतून बघू.”

मुलगा आता दुसरीत आहे. सासूबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. आधी ऐकेनात. मग मोरीच्या पाइपाशेजारची फट दाखवली, तेव्हा म्हणाल्या, “म्हणजे सायकलनं नव्हे होय!” आणि आत जाऊन चहा ठेवला.